१३ डिसेंबर २०२४ : नेटफ्लिक्सवरून जीटीए थ्री आणि व्हाइस सिटी गेले तेव्हा

सबस्क्रिप्शनवरून जुना गेम काढला जातो तेव्हा नेमकं काय संपतं, हे समजून घ्यायला एक प्रकरण फार उपयोगी पडतं. नेटफ्लिक्सने १४ डिसेंबर २०२३ रोजी आपल्या मोबाइल गेम्समध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ मालिकेतले तीन जुने गेम आणले: जीटीए थ्री, व्हाइस सिटी आणि सान आंद्रेआस. मूळ गेम अनुक्रमे २००१, २००२ आणि २००४ चे. नेटफ्लिक्सवर आल्या त्या त्यांच्या ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ नावाच्या नव्याने रंगवलेल्या आवृत्त्या. बरोबर एक वर्षाने, १३ डिसेंबर २०२४ रोजी, पहिले दोन काढले गेले. सान आंद्रेआस मात्र तेव्हा जागेवर राहिला.

तिघांतले दोनच का गेले, हा या प्रकरणातला सगळ्यात बोलका भाग आहे. उत्तर शोधताना गेमभोवतीचे करार एकेक करून सुटे होतात.

महाराष्ट्रात याची झळ का पोचली, तेही सांगायला हवं. व्हाइस सिटी इथल्या एका अख्ख्या पिढीने सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून किंवा मित्राकडून आणलेल्या सीडीवरून खेळली. पैसे देऊन, अधिकृतपणे आणि नव्या फोनवर ती खेळायची पहिली संधी त्यांतल्या पुष्कळांना नेटफ्लिक्सने दिली. भारतात नेटफ्लिक्सचा फक्त मोबाइलचा प्लॅन डिसेंबर २०२१ पासून महिना १४९ रुपये होता आणि गेम त्यातच येत. वर्षभराचे १,७८८ रुपये. त्यात सिनेमे, मालिका आणि वर व्हाइस सिटी. सौदा उत्तम होता, फक्त त्याला मुदत होती आणि ती कुणाला माहीत नव्हती.

घटनाक्रम

जुन्या आवृत्त्यांची ओढाताण नेटफ्लिक्सच्या आधीपासून चालू होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये हे गेम काढणाऱ्या रॉकस्टार कंपनीने तिन्ही मूळ गेम डिजिटल दुकानांतून काढायला सुरुवात केली, कारण ११ नोव्हेंबर २०२१ ला डेफिनिटिव्ह एडिशन येणार होती. ती आली ती तुटक्या अवस्थेत. पावसाच्या सरी पडद्यावर पांढऱ्या रेघोट्यांसारख्या दिसत, पात्रांचे चेहरे बिघडलेले, दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं चुकलेली. पीसीची आवृत्ती तर काही दिवस विक्रीतून मागेच घ्यावी लागली. चुकून आत राहिलेल्या फाइल्स काढायच्या आहेत, असं कंपनीने तेव्हा सांगितलं. १९ नोव्हेंबरला रॉकस्टारने जाहीर माफी मागितली आणि पीसीच्या जुन्या आवृत्त्या आपल्या दुकानात परत आणण्याचं कबूल केलं.

मोबाइलवर जे २०२३ मध्ये आलं ते याहून बरंच सुधारलेलं होतं. ते काम व्हिडिओ गेम्स डिलक्स या ऑस्ट्रेलियन स्टुडिओचं. मूळ गेमसारखा उजेड आणि धुकं परत आणणारी ‘क्लासिक लायटिंग’ची सोय आधी मोबाइलवर होती, कन्सोल (टीव्हीला जोडायची गेमची यंत्रं) आणि पीसीला ती नोव्हेंबर २०२४ च्या अपडेटमध्ये मिळाली. म्हणजे गेम एकदाचा नीट झाला, त्याच सुमारास नेटफ्लिक्सवर त्याच्या चित्रावर ‘लवकरच जाणार’ असा शिक्का आला. खेळणाऱ्यांच्या हातात साधारण महिनाभर उरला.

कारण कुठल्या थरात आहे?

जुना गेम सेवेवरून जातो तेव्हा तीन ठिकाणी पाहायचं असतं. पहिला थर गेमच्या आतल्या उसन्या मालाचा: गाणी, खऱ्या खेळाडूंची नावं, गाड्यांचे ब्रँड, सिनेमातली पात्रं. दुसरा थर वितरणाचा: गेमचा मालक आणि सेवा चालवणारी कंपनी यांच्यातला करार. तिसरा थर तंत्राचा: नव्या फोनवर, नव्या ऑपरेटिंग सिस्टीमवर जुना कोड चालतो का.

व्हाइस सिटीचं नाव निघालं की सगळे आधी गाण्यांकडे बोट दाखवतात, आणि त्यात चूक काहीच नाही. गेममध्ये नऊ रेडिओ स्टेशनं आहेत, त्यातली सात गाण्यांची आणि दोन गप्पांची. गोष्ट १९८६ सालातली, त्यामुळे गाणी त्या काळातली खरी आणि गाजलेली. अशा गाण्यांचे हक्क बहुधा ठरावीक वर्षांसाठी घेतलेले असतात. २०१२ च्या अखेरीस व्हाइस सिटी स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातून अचानक गायब झाली होती, गाण्याच्याच हक्कावरून. परत आली तेव्हा काही गाणी कापलेली होती. २०१४ मध्ये सान आंद्रेआसमधून डझनाहून जास्त गाणी गेली. जीटीए फोर एप्रिल २०१८ मध्ये दहा वर्षांचा झाला आणि त्याच्या रेडिओवरची बरीच गाणी एका अपडेटने काढून दुसरी घातली गेली.

तरीही नेटफ्लिक्सच्या प्रकरणात गाणी हे कारण बसत नाही. १३ डिसेंबर २०२४ नंतरही हीच डेफिनिटिव्ह एडिशन अॅपल आणि गुगलच्या दुकानांत पैसे देऊन मिळत होती. गाण्याचा हक्क संपला असता तर गेम तिथूनही उतरला असता, नाहीतर अपडेट येऊन गाणी कमी झाली असती. त्यातून सान आंद्रेआस राहिला, आणि तोही गाण्यांनी भरलेला आहे. पहिला थर इथे बाद.

तिसराही बाद होतो. ऑपरेटिंग सिस्टीम बदलली की जुने मोबाइल गेम खरोखर मरतात. सप्टेंबर २०१७ मध्ये आयओएस ११ आली आणि ३२ बिटची, म्हणजे जुन्या बांधणीची, सगळी अॅप्स एका झटक्यात बंद पडली. गुगलनेही ऑगस्ट २०१९ पासून दुकानात ६४ बिटची अट घातली. पण हे गेम वर्षापूर्वीच नव्याने बांधलेले होते आणि त्यांना अपडेट मिळत होते.

उरतो दुसरा थर. आल्यापासून बरोबर वर्षभराने जाणं, तिघांपैकी दोनच जाणं आणि बाहेर विक्री चालूच राहणं, या तीन खुणा एकत्र दिसल्या की वितरणाचा करार संपला आणि मालकाने किंवा सेवेने तो त्या दोन गेमसाठी पुढे नेला नाही, असाच अर्थ निघतो. कराराचा मजकूर बाहेर आलेला नाही, त्यामुळे हा खुणांवरून काढलेला निष्कर्ष आहे. पण खेळणाऱ्याच्या दृष्टीने तो पुरेसा आहे, कारण पुढे काय करायचं ते त्यावर ठरतं. गाण्याचा हक्क संपला असेल तर गेम कुठूनही जुन्या रूपात मिळणार नाही आणि धावपळ करायला हवी. करार संपला असेल तर गेम शेजारच्या दुकानात आहे. हातचं जातं ते सेव्ह, म्हणजे गेममधली साठवलेली प्रगती, आणि भरलेल्या पैशातला वाटा.

महिन्याभरात व्हाइस सिटी संपवायची तर

अशा वेळी बहुतेकांना गेम अर्ध्यावर असताना सूचना मिळते. जीटीए थ्रीची मुख्य गोष्ट सरळ आहे. शहराचे तीन भाग, पोर्टलंड, मग स्टॉन्टन, मग शोरसाइड, एकामागून एक मिशन. रोज चाळीस मिनिटं दिली तर महिन्याभरात १८ ते २० तास होतात आणि तेवढ्यात ती आटोपते. व्हाइस सिटीलाही तेवढाच वेळ लागतो, पण तिच्या मध्यावर एक अडसर आहे आणि मुदत असताना नेमकं तिथेच लोक अडकतात.

गोष्टीतल्या डियाझ या गुंडाला संपवून त्याचा बंगला ताब्यात आला की ‘शेकडाउन’ हे मिशन येतं आणि ते झालं की मालमत्ता विकत घ्यायची मुभा मिळते. त्यापुढची ‘बार ब्रॉल’ आणि ‘कॉप लँड’ पार केली की बंगल्याचं चिन्ह नकाशावरून नाहीसं होतं. पुढचं मिशन कुठे आहे ते कुणी सांगत नाही. खेळणारा शहरभर फिरत राहतो, गेम बिघडला असं समजतो, काही जण अॅप काढून पुन्हा टाकतात आणि सेव्ह गमावतात. खरं कारण असं: शेवटची दोन मिशनं उघडण्यासाठी पुरेशा मालमत्ता ‘कमावत्या’ करायच्या असतात आणि त्यात नोटा छापायचा छापखाना, म्हणजे प्रिंट वर्क्स, असलाच पाहिजे. नुसती विकत घेऊन भागत नाही; त्या मालमत्तेची मिशनं पूर्ण करून तिथे रोजचं उत्पन्न सुरू व्हावं लागतं.

वेळ कमी असेल तर कोणत्या मालमत्ता घ्यायच्या आणि कोणत्या सोडायच्या, याचा हिशेब असा.

बोटयार्ड १०,००० डॉलर. एकच मिशन, ‘चेकपॉइंट चार्ली’: बोटीतून वेळेत पाकिटं गोळा करायची. पूर्ण झालं की दिवसाला २,००० डॉलरपर्यंत उत्पन्न.

चेरी पॉपर, म्हणजे आइस्क्रीमचा कारखाना, २०,००० डॉलर. एकच काम. गाडीचा भोंगा वाजवून ५० गिऱ्हाइकं करायची आणि तेही एकाच फेरीत. मध्ये गाडीतून उतरलात की मोजणी पुन्हा एकपासून. माल विकताना पोलिसांचे तारे चढत जातात, म्हणून दर चार-पाच गिऱ्हाइकांनंतर जागा बदलायची. उत्पन्न ३,०००.

पोल पोझिशन क्लब ३०,००० डॉलर. इथे मिशनच नाही, आतल्या खोलीत ३०० डॉलर खर्च झाले की काम झालं. उत्पन्न ४,०००. सगळ्यांत कमी कष्ट याला.

कॉफमन कॅब्ज ४०,००० डॉलर, तीन मिशनं, उत्पन्न ५,०००. फिल्म स्टुडिओ ६०,००० डॉलर, चार मिशनं, उत्पन्न ७,०००. प्रिंट वर्क्स ७०,००० डॉलर, दोन मिशनं, उत्पन्न ८,०००.

या सहांची बेरीज २,३०,००० डॉलर. मालिबू क्लब मुद्दाम वगळला आहे. त्याचे १,२०,००० डॉलर लागतात आणि त्यातलं ‘द ड्रायव्हर’ हे शर्यतीचं मिशन गेममधल्या सगळ्यात त्रासदायक मिशनांपैकी एक आहे. मुदत डोक्यावर असताना तिथे दोन संध्याकाळी घालवण्यात अर्थ नाही. सनशाइन ऑटोजही (५०,००० डॉलर) सोडायचं, कारण तिथे चार याद्यांमधल्या गाड्या शहरभर शोधून आणून द्याव्या लागतात आणि एखादी गाडी रस्त्यावर दिसतच नाही.

क्रमही महत्त्वाचा. स्वस्तापासून महागाकडे जा. पहिल्या तिन्हींचे मिळून ६०,००० डॉलर जातात आणि त्या बदल्यात गेममधल्या एका दिवसाला ९,००० डॉलरपर्यंत येऊ लागतात. गेममधला एक मिनिट म्हणजे खरा एक सेकंद, म्हणजे अख्खा दिवस २४ मिनिटांचा. उत्पन्न कमाल आकड्यावर येऊन थांबतं, साठत जात नाही. म्हणून एका मिशनहून दुसऱ्याकडे जाताना वाटेत ते उचलत राहायचं. लोक छापखान्यासाठी पैसे साठवत बसतात आणि या तीन छोट्या मालमत्तांकडे लक्षच देत नाहीत. तिथे दिवस फुकट जातात.

शंभर लपवलेली पाकिटं, ३५ रॅम्पेज, ३६ उड्या हे सगळं या महिन्यात विसरून जायचं. ते पुढे दुसऱ्या आवृत्तीत सावकाश करता येईल. डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये मिशन फसलं तर तिथल्या तिथे पुन्हा सुरू करता येतं, हा मूळ गेमच्या तुलनेत मोठा फायदा आहे. २००२ च्या गेममध्ये प्रत्येक वेळी दवाखान्यातून बाहेर पडून, बंदुका पुन्हा विकत घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागायचं.

सेव्हचं काय?

या बाबतीत गोड बोलून उपयोग नाही. नेटफ्लिक्सवरची आवृत्ती आणि दुकानात विकत मिळणारी आवृत्ती दिसायला सारखी असली तरी फोनच्या लेखी ती दोन वेगळी अॅप्स आहेत. एका अॅपची सेव्ह फाइल दुसऱ्याला आपोआप दिसत नाही. कन्सोल आणि पीसीच्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये २०२२ च्या एका अपडेटपासून रॉकस्टारच्या सोशल क्लब खात्यावर सेव्ह चढवून दुसऱ्या यंत्रावर उतरवता येते. म्हणून पहिल्याच दिवशी एक गोष्ट तपासा: आपल्या हातातल्या आवृत्तीच्या मेनूत सोशल क्लबमध्ये साइन-इन करायची आणि सेव्ह चढवायची सोय दिसते का. दिसली तर लगेच चढवा आणि दुसऱ्या यंत्रावर उतरवून खरंच उघडते का ते मुदतीच्या आत पाहा. दिसली नाही, तर सेव्ह जाणार असं धरून चाला आणि वर सांगितल्याप्रमाणे गोष्ट संपवण्यावर भर द्या.

फोनवर गेम आधीच उतरवलेला आहे, तेव्हा इंटरनेट बंद ठेवून खेळत राहू, असा एक समज फार पसरलेला असतो. सबस्क्रिप्शनचा गेम सदस्यत्व तपासूनच उघडतो; ती तपासणी आज नाही झाली तर उद्या होते. कन्सोलच्या जगातही हेच आहे. निन्टेंडो स्विच ऑनलाइन या सबस्क्रिप्शन सेवेतले जुने गेम इंटरनेटशिवाय चालतात, पण सात दिवसांतून एकदा यंत्राला जोडणी द्यावी लागते. त्या भरवशावर राहू नये.

आठवण म्हणून काही ठेवायचं असेल तर गेम थांबवून आकडेवारीच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. शेवटचं मिशन स्क्रीन रेकॉर्ड करा; ही सोय आयओएस ११ आणि अँड्रॉइड ११ पासून फोनमध्येच आहे, वेगळं अॅप लागत नाही. रेकॉर्डिंगआधी ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू करा, नाहीतर नेमका शेवटच्या गोळीबारात कुणाचा तरी फोन येतो आणि रेकॉर्डिंग तुटतं.

शेजारचं प्रकरण, पण परिणाम वेगळा

याच काळात जपानमध्ये एक लहानसा गेम गेला आणि त्याची बातमी फार थोड्यांनी वाचली. ‘सुपर फॉर्मेशन सॉकर’ हा निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉम या जुन्या यंत्रावरचा फुटबॉलचा गेम, डिसेंबर १९९१ मधला, ह्यूमन या कंपनीचा. मैदान पडद्यावर आडवं न दाखवता खेळाडूच्या पाठीमागून खोलवर दिसेल असं मांडलेलं, त्या काळात नवलाचं. निन्टेंडो स्विच ऑनलाइनवर सुपर फॅमिकॉमचे गेम सप्टेंबर २०१९ मध्ये आले त्या पहिल्याच तुकडीत तो होता. २८ मार्च २०२५ रोजी तो काढला गेला. सेवा २०१८ मध्ये सुरू झाल्यापासून तिच्या जुन्या गेमच्या संग्रहातून एखादा गेम वजा होण्याची ही पहिलीच वेळ.

आता व्हाइस सिटीशी तुलना करा. तिथे गेम दुसऱ्या दुकानात उभा होता. इथे तसं दुकानच नाही. निन्टेंडो हे जुने गेम सुटे विकत नाही; ते त्या एका अॅपच्या आत गठ्ठ्याने येतात. ह्यूमन कंपनी २००० साली बंद झाली, तिचे वेगवेगळे गेम वेगवेगळ्या हातांत गेले. असा गेम सेवेवरून गेला की तो नव्या यंत्रावर अधिकृतपणे खेळायची वाट बहुधा बुजते. १९९१ ची कॅसेट आणि ती चालवणारं जुनं यंत्र, एवढंच उरतं.

आणखी मागे जाऊन पाहिलं तर विकत घेण्याचा फरक स्पष्ट होतो. निन्टेंडोच्या वी यंत्रावर जुने गेम एकेक करून विकत मिळत. जानेवारी २०१२ मध्ये तिथून निन्जा टर्टल्सचा जुना गेम परवाना संपल्यामुळे विक्रीतून काढला गेला. पण ज्यांनी तो विकत घेऊन यंत्रात उतरवला होता, त्यांच्याकडे तो चालत राहिला. नव्याने विकणं थांबलं, घेतलेला हिसकावला नाही. सबस्क्रिप्शनमध्ये हे दोन्ही एकाच तारखेला होतं.

अमेरिकेत व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासात दिसलं की २०१० पूर्वी तिथे आलेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम तेव्हा बाजारात मिळत नव्हते. ग्रंथालयांनी असे गेम अभ्यासकांना दुरून वापरायला द्यावेत, अशी मागणी त्यानंतर तिथल्या कॉपीराइट कार्यालयाकडे झाली. २५ ऑक्टोबर २०२४ ला ती फेटाळली गेली. कॅलिफोर्नियाचा एक कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. डिजिटल माल विकताना ग्राहकाला मालकी मिळत नाही, फक्त परवाना मिळतो, हे दुकानाने स्पष्ट सांगावं असं तो म्हणतो. पण सबस्क्रिप्शन सेवा त्यातून वगळलेल्या आहेत. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ नुसार, कायदेशीरपणे जवळ असलेल्या संगणक प्रोग्रामची हरवण्या-बिघडण्यापासून संरक्षण म्हणून तात्पुरती प्रत करता येते. तीही वापरण्यापुरतीच, वाटण्यासाठी नाही. सबस्क्रिप्शनच्या गेमला ही सवलत उपयोगी पडत नाही, कारण मुदत संपली की तो कायदेशीरपणे तुमच्याजवळ उरतच नाही.

पुढे कुठे खेळायची

फोनवरच खेळायची असेल तर दुकानातली विकत मिळणारी डेफिनिटिव्ह एडिशन हा सरळ मार्ग. घेण्याआधी अॅपच्या पानावर शेवटच्या अपडेटची तारीख पाहा आणि आपल्या फोनचं मॉडेल चालेल का ते तिथेच तपासा. ज्यांनी २०११ ते २०१३ मध्ये आलेल्या जुन्या मोबाइल आवृत्त्या तेव्हा विकत घेतल्या होत्या, त्यांनी आधी आपल्या खात्यातली खरेदीची यादी उघडून पाहावी. तिथून त्या परत उतरतात का, हे पाहिल्याशिवाय पुन्हा पैसे घालू नयेत.

पीसीवर डेफिनिटिव्ह एडिशन जानेवारी २०२३ पासून स्टीमवरही आहे. जुनी मूळ आवृत्ती हवी असेल तर ती रॉकस्टारच्या स्वतःच्या दुकानात कुठल्या पॅकमध्ये येते, ते घेण्याआधी वाचा. जुनी आवृत्ती विंडोज १० किंवा ११ वर सुरू केली की पुष्कळदा माउस हलत नाही. ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ‘जीटीए व्हाइस सिटी यूजर फाइल्स’ नावाचा फोल्डर असतो, त्यातली .set ही सेटिंगची फाइल काढून टाका. गेम ती नव्याने तयार करतो आणि माउस बहुतेक वेळा चालू होतो. त्याच फोल्डरमध्ये .b या शेपटीच्या जास्तीत जास्त आठ सेव्ह फाइल्स असतात. त्या पेन ड्राइव्हवर उचलून ठेवल्या की झाला बॅकअप. सेटिंगमधला फ्रेम लिमिटर चालूच ठेवा. हे गेम सेकंदाला ३० फ्रेमच्या, म्हणजे चित्रांच्या, हिशेबाने बांधलेले आहेत. लिमिटर बंद केला की गेमचा तोल बिघडतो. सान आंद्रेआसमध्ये तर पोहण्याचा वेगच मंदावतो.

२००३ मध्ये आलेली पीसीची दोन सीडींची पेटी कुणाच्या माळ्यावर सापडली, तर आनंद करा, पण आधी एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळच्या अनेक गेम सीडींवरचं सेफडिस्कसारखं कॉपी रोखणारं संरक्षण विंडोज १० पासून चालत नाही. सीडी चांगली असूनही ‘डिस्क टाका’ असा संदेश येत राहतो. दोष सीडीचा नसतो. ती विंडोज एक्सपी असलेल्या जुन्या संगणकावर लावून पाहा.

आणि ज्यांना व्हाइस सिटी तिच्या सगळ्या गाण्यांसकट हवी आहे, त्यांच्यासाठी प्लेस्टेशन टूची डीव्हीडीच खरी. तिच्यात सगळं २००२ साली छापून झालेलं आहे. अपडेट तिच्यापर्यंत पोचत नाही. भारतात विकलेली यंत्रं पाल या टीव्ही-पद्धतीच्या विभागाची आहेत, त्यामुळे अमेरिकेहून मागवलेली एनटीएससी पद्धतीची डिस्क त्यावर चालणार नाही. पेटीवर आणि डिस्कवर ‘पाल’ लिहिलेलं आहे का ते फोटोत मागून घ्या. डिस्क हातात आली की उजेडात तिरकी धरून पाहा. मधल्या छिद्राभोवती तडा असेल तर ती यंत्रात घालूच नका, वेगात फिरताना तडा वाढतो. केंद्रातून कडेकडे जाणारे ओरखडे बहुधा चालून जातात. वर्तुळात गेलेला, माहितीच्या ओळीलाच समांतर असा एक लांब ओरखडा असेल तर गेम नेमका एखाद्या पुलावरून दुसऱ्या बेटावर जाताना अडकेल. पुसताना मऊ सुती कापड मधून बाहेरच्या दिशेने सरळ न्या, गोल फिरवू नका. मेमरी कार्ड सोनीचं मूळ ८ एमबीचंच घ्या. बाजारात मिळणारी ६४ एमबीची बिननावाची कार्डं भरत आली की सेव्ह खराब करतात, आणि मग ५० आइस्क्रीमं पुन्हा विकावी लागतात.